तिकीट दिसलं २० हजारांचं, खात्यातून गेले २५ हजार: परदेशी विमानप्रवासातले हे जादाचे पैसे नेमके कशाचे?

इन्स्टावर एक रील येतं. 'मुंबई ते दुबई, जाऊन-येऊन फक्त २० हजार!' तुम्ही लिंक उघडता, तारीख टाकता, आकडा खरंच २० हजार दिसतो. मग सीट निवडा, जेवण निवडा, विमा घ्या, 'फ्री कॅन्सलेशन' घ्या अशी एकामागून एक पानं येतात. शेवटी यूपीआयचा पिन टाकताना लक्षात येतं की रक्कम २५ हजार झाली आहे. मधले पाच हजार कुठून आले, हे बघायला मागे जावं तर वर घड्याळ टिकटिकतंय, 'हे भाडं आणखी सहाच मिनिटं'. मग काय, आपण पैसे भरून मोकळे होतो.

कळंबोलीत हा विषय सध्या जरा जास्तच निघतो, आणि त्याला कारण आहे. घराजवळच विमानतळ आलाय. नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झालं आणि २५ डिसेंबर २०२५ पासून तिथून विमानं उडायला लागली, सुरुवात देशांतर्गत मार्गांनी झाली. ज्यांच्या घरात आजवर कुणी पासपोर्ट काढला नव्हता, तेही आता 'एकदा दुबई, नाहीतर थायलंड करून येऊ' म्हणतायत. म्हणून तिकिटाचं बिल नीट फोडून बघू.

आधी लोखंड बाजारातला एक प्रश्न

कळंबोलीच्या लोखंड बाजारात माल घेणारा माणूस नुसता 'भाव काय?' विचारून थांबत नाही. तो विचारतो, 'लोडिंग, काटा, भाडं, जीएसटी धरून की सोडून?' टनाचा भाव आणि माल दारात पडेपर्यंतचा खर्च यांत फरक असतो, हे त्याला पक्कं ठाऊक असतं.

विमानाच्या तिकिटालाही हाच प्रश्न लागू होतो. फक्त इथे आणखी एक प्रश्न जोडायचा: 'उद्या रद्द केलं तर यातलं परत काय येणार?' कारण तुमचे पैसे तीन वेगवेगळ्या खिशांत जातात. काही सरकार आणि विमानतळाकडे, काही विमान कंपनीकडे, आणि उरलेले तिकीट विकणाऱ्या पोर्टलकडे किंवा विमा कंपनीकडे. प्रत्येक खिशाचा परताव्याचा नियम वेगळा आहे. हे तीन खिसे कळले की अर्धा गोंधळ मिटतो.

समजायला सोपं जावं म्हणून काही आकडे धरू. हे फक्त उदाहरण आहे, कुठल्या कंपनीचा दर नाही. सुरुवातीच्या २० हजारांत मूळ भाडं १२,०००, कंपनीने लावलेला इंधन वगैरेचा सरचार्ज ३,५०० आणि सरकारी कर व विमानतळाची फी मिळून ४,५००. त्यावर पोर्टलची कन्व्हिनियन्स फी ८००, दोन्ही बाजूंच्या सीट १,३००, जेवण ९००, विमा ५०० आणि 'फ्री कॅन्सलेशन' १,५००. झाले २५ हजार. हेच उदाहरण आपण शेवटपर्यंत वापरू.

पहिला खिसा: सरकार आणि विमानतळ

हे पैसे टाळता येत नाहीत. पण ते सारखेही नसतात, आणि इथे आपल्या भागासाठी एक मजेशीर गोष्ट आहे.

विमानतळ वापरल्याबद्दल प्रवाशाकडून यूजर डेव्हलपमेंट फी घेतली जाते, तिला यूडीएफ म्हणतात. ती किती असावी हे विमानतळ आर्थिक नियामक प्राधिकरण, म्हणजे एरा, ठरवतं. आपल्याला वाटतं मुंबई ती मुंबई. पण सहारच्या विमानतळासाठी मे २०२५ पासून लागू झालेल्या दरांत आंतरराष्ट्रीय प्रवासाला निघणाऱ्या इकॉनॉमीच्या प्रवाशाला ६१५ रुपये आणि उतरणाऱ्याला २६० रुपये यूडीएफ आहे. नवी मुंबईसाठी एराने सुरुवातीला जे तात्पुरते दर मंजूर केले, त्यात आंतरराष्ट्रीय प्रवासाला निघणाऱ्यासाठी १,२२५ आणि उतरणाऱ्यासाठी ५२५ रुपये होते. म्हणजे जवळपास दुप्पट. नव्या विमानतळाच्या उभारणीचा खर्च वसूल व्हायचा असतो, म्हणून असं होतं. हे दर अधूनमधून बदलतात, त्यामुळे तुमच्या तिकिटावरचा आकडा हाच खरा.

अर्थात कळंबोलीहून पहाटे तीनला सहारपर्यंतच्या टॅक्सीचं भाडं आठवलं, तर या फरकाचं कुणी फारसं मनावर घेणार नाही. दोन वर्षांखालच्या बाळाला यूडीएफ लागत नाही, तेवढं मात्र तपासा.

याशिवाय विमानतळाच्या सुरक्षेसाठी एएसएफ नावाची फी असते. १ एप्रिल २०२१ पासून ती देशांतर्गत प्रवासाला २०० रुपये आणि आंतरराष्ट्रीय प्रवासाला १२ डॉलर झाली. मग जीएसटी: इकॉनॉमीच्या तिकिटावर ५ टक्के. बिझनेस क्लासवर तो १२ टक्के होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के झाला. तिकिटाच्या करांच्या यादीत 'के३' असा कोड दिसला तर तो जीएसटी समजा.

परतीच्या तिकिटात समोरच्या देशाचे करही असतात. ब्रिटनचं उदाहरण घ्या. तिथून निघणाऱ्या प्रवाशावर एअर पॅसेंजर ड्युटी नावाचा कर आहे. मुंबई ज्या अंतराच्या टप्प्यात येते, त्या टप्प्यासाठी इकॉनॉमीला हा कर एप्रिल २०२५ पासून ९० पौंड होता, एप्रिल २०२६ पासून १०२ पौंड. लंडनला मुलाकडे जाऊन आलेले काका 'येतानाचंच तिकीट महाग पडतं बघ' म्हणतात ते यामुळे. १६ वर्षांखालच्या मुलांना इकॉनॉमीत हा कर माफ आहे, आणि चार जणांच्या कुटुंबात ही रक्कम लहान नसते.

दुसरा खिसा: विमान कंपनी

मूळ भाडं समजायला सोपं आहे. गोंधळ 'वायक्यू' किंवा 'वायआर' या कोडचा. तिकिटावर हे 'टॅक्स अँड फी'च्या यादीत छापलेलं असतं, म्हणून लोकांना तो सरकारी कर वाटतो. तो कर नाही. तो कंपनीने स्वतः लावलेला सरचार्ज आहे, बहुतेक वेळा इंधनाच्या नावाने. कंपनी तो लावते आणि कंपनीच काढते. इंडिगोने ऑक्टोबर २०२३ मध्ये फ्युएल चार्ज सुरू केला आणि जानेवारी २०२४ मध्ये इंधन स्वस्त झाल्यावर मागे घेतला होता. हा फरक लक्षात ठेवा, रिफंडच्या वेळी तो कामाला येतो.

मग येतं सामान. इथे सगळ्यात जास्त पैसे जातात, तेही शेवटच्या क्षणी, काउंटरवर, मागे रांग उभी असताना. सर्वात स्वस्त भाड्यात चेक-इन बॅग असेलच असं नाही. 'लाइट', 'बेसिक', 'सेव्हर' अशी गोड नावं असतात आणि बारीक अक्षरांत शून्य किलो लिहिलेलं असतं. बुक करताना दोन गोष्टी बघा: किती किलो आणि किती नग. काही मार्गांवर एकूण वजन मोजतात, तर काही मार्गांवर, विशेषतः अमेरिकेच्या, नग मोजतात आणि प्रत्येक नगाला वजनाची वेगळी मर्यादा असते. दोन नगांची परवानगी असताना भाजणी, पापड, मसाल्यांचा तिसरा खोका नेला, तर एकूण वजन कमी असूनही जादा पैसे लागतात. जास्तीचं सामान लागणारच असेल, तर ते आधी ऑनलाइन घेतलेलं काउंटरपेक्षा जवळजवळ नेहमीच स्वस्त पडतं.

सीटचे पैसे बहुतेकांनी भरायची गरज नसते. सीट निवडली नाही, तरी विमानात जागा मिळतेच, फक्त ती कुठली हे कंपनी ठरवते. लेकरं लांब बसतील या भीतीने आई-बाप पैसे भरतात. त्यासाठी डीजीसीएने एप्रिल २०२४ मध्ये विमान कंपन्यांना सूचना दिली आहे: १२ वर्षांपर्यंतच्या मुलाला, एकाच पीएनआरवर प्रवास करणाऱ्या आई-वडिलांपैकी किंवा पालकांपैकी निदान एकाच्या शेजारी जागा द्यायची. अट 'एकाच पीएनआरवर' ही आहे. म्हणून ऑफर लागू व्हावी म्हणून घरच्यांची तिकिटं दोन-दोन करून काढू नका.

आणि नाव! मराठी घरांत यावरून हमखास पैसे जातात. आपल्या पासपोर्टवर 'गिव्हन नेम'च्या रकान्यात बहुतेकदा स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकत्र असतं, आडनाव वेगळ्या रकान्यात. तिकीट काढणारा भाचा घाईत मावशीचं माहेरचं आडनाव टाकतो किंवा मधलं नाव आडनावाच्या जागी टाकतो. परदेशी प्रवासात तिकीट आणि पासपोर्ट जुळलंच पाहिजे. डीजीसीएच्या नियमानुसार, तिकीट थेट विमान कंपनीच्या वेबसाइटवरून काढलं असेल आणि २४ तासांत चूक कळवली, तर त्याच प्रवाशाचं नाव दुरुस्त करायला पैसे लागत नाहीत. थेट कंपनीकडून, हे शब्द महत्त्वाचे. पोर्टलवरून काढलेल्या तिकिटाला हा हक्क सांगता येत नाही, तिथे दुरुस्तीची फी भरावी लागू शकते. पासपोर्टवर एकच शब्दाचं नाव असेल, तर यूएईसाठी आधीच चौकशी करा. नोव्हेंबर २०२२ मध्ये तिथे व्हिजिट व्हिसावर येणाऱ्या एकनावी पासपोर्टधारकांना प्रवेश नाकारण्याचा नियम आला होता.

तिसरा खिसा: पोर्टल, आणि ती 'टिक'

कन्व्हिनियन्स फी म्हणजे ऑनलाइन तिकीट विकण्याचा पोर्टलचा मेहनताना. ती अनेक ठिकाणी माणशी आणि फेरीगणिक लागते, शेवटच्या पानावर दिसते आणि तिकीट रद्द केलं तर परत येत नाही. म्हणून पोर्टलवर भाडं शोधा, पण पैसे भरण्याआधी तेच विमान कंपनीच्या स्वतःच्या साइटवर एकदा बघा. दर वेळी स्वस्त असेल असं नाही, पण पुढे काही बदलायचं झालं तर मधला माणूस नसणं हीच मोठी सोय असते.

परदेशी पोर्टल वापरत असाल तर आणखी एक गंमत. भाडं डॉलरमध्ये किंवा युरोमध्ये कापलं गेलं, तर बहुतेक क्रेडिट कार्डांवर दोन ते साडेतीन टक्के फॉरेक्स मार्कअप लागतो, आणि त्या मार्कअपवर जीएसटी. हे बुकिंगच्या पानावर कुठेच दिसत नाही, महिनाअखेर बिलात दिसतं.

आता ती टिक. विमा किंवा देणगी आपोआप निवडलेली असणं, 'नको' हे बटण राखाडी आणि बारीक असणं, आणि विमा नाकारताना 'मला सुरक्षा नको' अशा अर्थाचं वाक्य दाबायला लावणं. यांना डार्क पॅटर्न म्हणतात. केंद्र सरकारच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ ला याबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या आणि १३ प्रकार नावानिशी सांगितले. गंमत म्हणजे त्यातली बरीच उदाहरणं विमानाच्या तिकिटाचीच आहेत. न विचारता प्रवास विमा जोडणं हे 'बास्केट स्नीकिंग'. विमा नको म्हणणाऱ्याला 'मी असुरक्षित राहीन' असं बटण दाबायला लावणं हे 'कन्फर्म शेमिंग'. आधी एक किंमत दाखवून पैसे भरताना वाढवणं हे 'ड्रिप प्रायसिंग'. जून २०२५ मध्ये या प्राधिकरणाने ई-कॉमर्स कंपन्यांना तीन महिन्यांत स्वतःच्या साइटचं ऑडिट करायला सांगितलं होतं. तेव्हा असं काही दिसलं तर 'सगळेच करतात' म्हणून सोडू नका. स्क्रीनशॉट काढून ठेवा.

'फ्री कॅन्सलेशन' म्हणजे विमा नाही

या लेखातली सगळ्यात कामाची गोष्ट ही. बुकिंगच्या पानावर शेजारी-शेजारी दोन चौकटी असतात. एकीवर 'ट्रॅव्हल इन्शुरन्स', दुसरीवर 'फ्री' किंवा 'झिरो कॅन्सलेशन'. दोन्हींवर ढालीचं चित्र. लोकांना वाटतं, एकच आहे.

विमा ही विमा कंपनीने दिलेली पॉलिसी असते. तिला पॉलिसी नंबर असतो, अटींचं पुस्तक असतं, आणि वाद झाला तर विमा लोकपालाकडे जाता येतं. तिकीट रद्द झाल्याचे पैसे ती देते, पण ठराविक कारणांसाठीच: प्रवासी किंवा जवळचा नातेवाईक रुग्णालयात दाखल होणं, मृत्यू अशी. 'ऑफिसने सुट्टी नाकारली' किंवा 'मन बदललं' यासाठी साध्या पॉलिसीत काही मिळत नाही. व्हिसा नाकारला गेला तरीही बहुतेक साध्या पॉलिसींत तिकिटाचे पैसे मिळत नाहीत.

'फ्री कॅन्सलेशन' ही बहुतेकदा पोर्टलची स्वतःची योजना असते. कारण काहीही असो, विमान कंपनीने कापलेले पैसे पोर्टल भरून देतं. ऐकायला छान. पण अटी वाचा. परतफेडीला कमाल मर्यादा असते. उड्डाणाच्या ठराविक तास आधीच रद्द करावं लागतं. काही ठिकाणी चारपैकी एकाचं तिकीट रद्द केलं तर चालत नाही, सगळ्यांचं करावं लागतं. कधी परतावा बँकेत न येता पोर्टलच्या वॉलेटमध्ये येतो. आणि या योजनेसाठी भरलेले दीड हजार कोणत्याही परिस्थितीत परत येत नाहीत, म्हणून 'फ्री' हा शब्द जरा जपूनच घ्यावा.

माझं मत विचाराल तर व्हिसा अजून हातात नसेल आणि भाडं महाग असेल, तर ही योजना पैसे वसूल करून देऊ शकते. व्हिसा आलाय, सुट्टी पक्की आहे, तर दीड हजारात दुबईत एक जेवण होईल.

रद्द केलं तर नेमकं किती परत?

आता आपलं उदाहरण. डीजीसीएच्या रिफंडविषयक नियमांत दोन वाक्यं सोन्यासारखी आहेत. एक, कॅन्सलेशन चार्ज मूळ भाडं अधिक इंधन सरचार्ज यांच्या बेरजेपेक्षा जास्त असू शकत नाही. दोन, तिकीट 'नॉन-रिफंडेबल' असलं तरी सरकारी कर आणि यूडीएफसारखी विमानतळाची फी परत द्यावीच लागते.

म्हणजे आपल्या तिकिटावर कंपनी जास्तीत जास्त १२,००० अधिक ३,५००, म्हणजे १५,५०० ठेवून घेऊ शकते. उरलेले ४,५०० तुमचेच. कित्येक जण 'नॉन-रिफंडेबल आहे' ऐकून रद्द करायची विनंतीसुद्धा करत नाहीत आणि हे पैसे सोडून देतात. जायचं नाही हे ठरलं असेल, तर उड्डाणाआधी रीतसर रद्द करा. कन्व्हिनियन्स फीचे ८०० आणि फ्री कॅन्सलेशनचे १,५०० मात्र गेले. विम्याचं आणि सीट-जेवणाचं काय होणार ते त्यांच्या अटींवर.

रिफंड क्रेडिट शेलमध्ये, म्हणजे 'पुढच्या वेळी वापरा' अशा स्वरूपात ठेवायचा की खात्यात घ्यायचा, हे ठरवण्याचा अधिकार प्रवाशाचा आहे. कंपनी परस्पर ते ठरवू शकत नाही.

तिकीट काढल्यावर सुरुवातीच्या काही तासांत फुकट रद्द करण्याची किंवा बदलण्याची सोय असते. तिला 'लूक-इन' म्हणतात. ही मुदत आधी २४ तासांची होती, नोव्हेंबर २०२५ मध्ये डीजीसीएने ती ४८ तास करण्याचा मसुदा काढला. उड्डाण अगदी जवळ आलेलं असेल तर ही सोय लागू होत नाही आणि तारीख बदलली तर भाड्यातला फरक भरावाच लागतो. तिकीट काढताना तुमच्या कंपनीच्या पानावर किती तास लिहिलेत ते बघा.

एक मोठा 'पण' राहिला. परदेशी विमान कंपनीच्या तिकिटाला रिफंडच्या बाबतीत त्या कंपनीच्या मूळ देशाचे नियम लागू होतात, असं डीजीसीएच्याच नियमात म्हटलंय. आखाती किंवा युरोपीय कंपनीने जात असाल, तर तिच्या भाड्याच्या अटी हाच तुमचा कायदा.

आणि पैसे पोर्टलकडे अडकले तर? कोविडच्या लॉकडाऊनमध्ये रद्द झालेल्या तिकिटांचे पैसे परत देण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने १ ऑक्टोबर २०२० ला दिला होता. तरीही 'यात्रा' या पोर्टलकडे २०२१ मध्ये ३६,२७६ बुकिंगचे मिळून २६ कोटींहून जास्त रुपये प्रवाशांना द्यायचे बाकी होते. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मागे लागल्यावर जून २०२४ पर्यंत ते ४,८३७ बुकिंग आणि सुमारे अडीच कोटींवर आले, आणि उरलेलेही परत करण्याचा आदेश निघाला. २०२० च्या तिकिटाचे पैसे २०२४ मध्ये! मधला दलाल म्हणजे एक जास्तीचं टेबल, एवढं यातून कळतं.

मग विमा घ्यायचा की नाही?

घ्यायचा. पण त्या चौकटीतला पाचशे रुपयांचा तुम्हाला पुरेल का, हा खरा प्रश्न आहे.

कळंबोलीतला २८ वर्षांचा धडधाकट मुलगा मित्रांबरोबर चार दिवस दुबईला जातोय, त्याला तो बऱ्यापैकी पुरेल. पण लेकीच्या बाळंतपणासाठी सहा महिने न्यू जर्सीला निघालेल्या, शुगर आणि बीपीच्या गोळ्या घेणाऱ्या ६५ वर्षांच्या आईसाठी तीच टिक मारली, तर ती जवळपास विम्याशिवायच चालली आहे. अमेरिकेत एका रात्रीच्या इस्पितळाचं बिल हजारो डॉलरमध्ये जातं. भारतातली आपली नेहमीची मेडिक्लेम पॉलिसी सहसा परदेशात चालत नाही.

अशा वेळी पॉलिसीत आधी वैद्यकीय संरक्षणाची रक्कम बघायची, 'सामान हरवल्यास' वगैरेचे आकडे नंतर. मग 'प्री-एक्झिस्टिंग डिसीज'चा परिच्छेद शोधायचा. आधीपासूनचा आजार वगळलेला आहे, की जिवावर बेतलं तर तेवढ्यापुरता धरलेला आहे? वयाच्या साठीनंतर रुग्णालयाच्या खोलीला, डॉक्टरच्या फीला वेगवेगळ्या उपमर्यादा आहेत का? डिडक्टिबल किती, म्हणजे पहिले किती डॉलर आपण भरायचे? आणि फॉर्ममध्ये शुगर, बीपी, जुनी अँजिओप्लास्टी लपवायची नाही. 'कशाला सांगायचं, प्रीमियम वाढेल' हा सल्ला देणारे नातेवाईक क्लेम नाकारला जातो तेव्हा फोन उचलत नाहीत.

पॉलिसी भारत सोडण्याआधी घ्या. तिथे पोहोचल्यावर इथली पॉलिसी सहसा मिळत नाही. त्यावरचा मदतीचा फोन नंबर आईच्या पर्समध्ये कागदावर लिहून ठेवा आणि लेकीलाही द्या, कारण दाखल झाल्याबरोबर तो फोन लावला तर कॅशलेसची शक्यता असते. नंतर बिलं गोळा करत बसणं फार कटकटीचं.

युरोपच्या शेंगेन व्हिसासाठी विमा सक्तीचा आहे: किमान ३०,००० युरोचं वैद्यकीय संरक्षण, मुक्कामाचे सगळे दिवस आणि सगळे शेंगेन देश धरून. तिकिटासोबत जोडलेली पॉलिसी यात बसतेच असं नाही, तेव्हा अर्जाआधी आकडा तपासा. व्हिसा नाकारला गेला तर बऱ्याच विमा कंपन्या थोडी रक्कम कापून प्रीमियम परत देतात.

सामान हरवलं तर विम्याआधी विमान कंपनीची जबाबदारी येते, हे अनेकांना माहीतच नसतं. आंतरराष्ट्रीय प्रवासाला माँट्रियल करार लागू होतो, भारत २००९ पासून त्यात आहे. या करारात सामानासाठी कंपनीची कमाल जबाबदारी २८ डिसेंबर २०२४ पासून माणशी १,५१९ एसडीआर आहे. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक. रुपयांत ही मर्यादा साधारण पावणेदोन ते दोन लाखांच्या घरात जाते. ही कमाल मर्यादा आहे, सरसकट मिळणारी रक्कम नाही. बॅग आली नाही किंवा फुटून आली, तर विमानतळ सोडण्याआधी कंपनीच्या काउंटरवर 'पीआयआर' हा अहवाल लिहून घ्या. तुटक्या बॅगेची लेखी तक्रार सात दिवसांत, उशिरा आलेल्या बॅगेची ती हातात पडल्यापासून २१ दिवसांत करावी लागते. विमा कंपनीही तोच पीआयआर मागते.

एक शहर, दोन विमानतळ

आता सर्चमध्ये 'मुंबई' टाकलं की दोन विमानतळ येऊ शकतात. सहारचा कोड बीओएम, नवी मुंबईचा एनएमआय. नागपूर किंवा गोव्याहून येणारा भाऊ एनएमआयला उतरेल आणि दुबईचं विमान बीओएमवरून असेल, तर मध्ये सायन-पनवेल महामार्गाचं किंवा अटल सेतूपलीकडचं ट्रॅफिक आहे. ही दोन वेगवेगळी तिकिटं असतील, तर पहिलं विमान उशिरा आलं म्हणून दुसऱ्या कंपनीची काहीच जबाबदारी नसते. दुसरं तिकीट बुडतं. पोर्टलवर 'सेल्फ ट्रान्सफर' लिहिलेलं दिसलं तर हाच अर्थ. एका पीएनआरवरचं तिकीट थोडं महाग असलं तरी उशीर झाल्यास पुढच्या विमानात बसवण्याची जबाबदारी कंपनीची असते.

पॅकेज घेताय?

नुसत्या विमान तिकिटावर टूर पॅकेजचा टीसीएस लागत नाही. तिकीट, हॉटेल, इतर खर्च यांपैकी किमान दोन गोष्टी एकत्र विकल्या, तर ते परदेशी पॅकेज धरलं जातं आणि टीसीएस कापला जातो. तो १० लाखांपर्यंत ५ टक्के आणि त्यावर २० टक्के होता, २०२६ च्या अर्थसंकल्पात तो सरसकट २ टक्के करण्याची घोषणा झाली. ही रक्कम आयकर विवरणपत्रात वळती करता येते. पावतीवर स्वतःचा पॅन आहे ना, एवढं बघा.

सेक्टरमधल्या एजंटकडून तिकीट काढत असाल, तर विमान कंपनीचा पीएनआर मागून घ्या आणि तो कंपनीच्या साइटवर टाकून बघा. बुकिंगवर मोबाइल आणि ईमेल तुमचाच हवा. एजंटचा असेल तर विमान रद्द झाल्याचा मेसेज त्याला जातो, तुम्हाला नाही.

पैसे अडकले तर कुठे जायचं?

आधी कंपनीकडे किंवा पोर्टलकडे लेखी, ईमेलने. फोनवरचं बोलणं पुरावा म्हणून उभं राहत नाही. मग विमान कंपनीविरुद्ध केंद्र सरकारचं 'एअरसेवा' पोर्टल आहे. पोर्टलने जास्त पैसे घेतले, न विचारता काही जोडलं, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, नंबर १९१५. विम्याचा क्लेम नाकारला तर आधी त्याच विमा कंपनीच्या तक्रार विभागाकडे, मग 'बिमा भरोसा' पोर्टल, आणि तरीही नाही जमलं तर विमा लोकपाल. लोकपालाकडे फी लागत नाही, वकीलही लागत नाही, आणि ५० लाखांपर्यंतचे दावे तिथे चालतात.

शेवटचा रस्ता ग्राहक आयोगाचा. २०१९ च्या कायद्याने एक मोठी सोय केली आहे: कंपनी गुरुग्रामची असो की बंगळुरूची, तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते. कळंबोलीचा पत्ता आपण नवी मुंबई लिहितो, पण तालुका पनवेल आणि जिल्हा रायगड, म्हणजे आयोग अलिबागला. पाच लाखांपर्यंत दिलेल्या रकमेच्या प्रकरणाला फी नाही, आणि तक्रार 'ई-जागृती' पोर्टलवरून ऑनलाइन दाखल करता येते. सोबत तिकीट, पैसे भरल्याचा पुरावा, ईमेल आणि बुकिंगच्या वेळचे स्क्रीनशॉट जोडायचे.